अंगठ्याचा पट्टा

"कडा जाड राहिल्यात," आई म्हणाली.

"दिसतंय मला."

"दिसून काय उपयोग? माणूस मधलं खातो आणि कडा ताटात ठेवतो. उष्टं ताट बघितलं की कळतं, पोळी कुणी लाटली ते."

ती काउंटरमागच्या उंच स्टुलावर बसली होती. उजवा हात मांडीवर, त्यावर मनगटापासून अंगठ्याच्या टोकापर्यंत निळा पट्टा. आत पातळ पत्र्याची पट्टी होती, त्यामुळे अंगठा कायम ताठ. डाव्या हाताने ती गिऱ्हाइकांना पोळ्यांची पाकिटं देत होती आणि तोंडाने माझ्या पोळ्या लाटत होती.

नाशिकची थंडी होती. घराच्या पुढच्या खोलीतच आमचं पोळी-भाजी केंद्र. वडील कामासाठी सुरतेला गेले आणि हळूहळू यायचे थांबले, तेव्हा आईने ते सुरू केलं. कणीक मळायला आणि भाज्यांना सिंधूताई होत्या. पोळ्या मात्र आईच्याच. पदर सुटणारी घडीची पोळी, कागदासारख्या पातळ कडांची. अंगठा दुखायला लागल्यावर तिने लाटायला दोन बायका ठेवून पाहिल्या. एकीची पोळी म्हणे पापड होती, दुसरीची घोंगडी. दोघी आठवड्याभरात गेल्या. राहिले मी.

मी राहणं अपेक्षित नव्हतं. दिवाळीतच मला कोकणातल्या एका कॉलेजात ग्रंथपालाची नोकरी लागली होती. मी एकतिसाव्या वर्षी पहिल्यांदा घर सोडणार होते. ट्रंक काढली, पुसली, तिच्यात पुस्तकं भरायला घेतली. भाऊबीज झाली आणि आईचा अंगठा सुजला. मी कॉलेजकडे मुदत मागितली. त्यांनी ती दिली. मग पुन्हा मागितली. ट्रंक माझ्या खाटेखाली अर्धी भरलेली होती.

"ताई, ताजं आणलंय," काउंटरपाशी अहिरराव काका आले. एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले, पत्नी गेल्यापासून आमच्याकडच्या पोळ्यांवर असलेले. त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली रुईची पानं काउंटरवर ठेवली.

"काका, मारुतीला थोडी राहू द्या. शनिवारी तो काय घालणार?"

"मारुतीची शीर सुजलेली नाही. तव्यावर पान शेकायचं, तिळाचं तेल लावायचं, गरम गरम बांधायचं. चीक मात्र डोळ्यात जाऊ देऊ नका."

"तवा रिकामा कुठं आहे?" सिंधूताई आतून म्हणाल्या. "पोळ्यांच्या मधे पान भाजू का? एखाद्याच्या डब्यात गेलं तर?"

"गेलं तर त्याची शीर बरी होईल," आई म्हणाली. सगळे हसले. मीही हसले. लाटणं चालू ठेवून.

गिऱ्हाईक म्हणून येणारा प्रत्येक माणूस औषध घेऊन यायचा. आईच्या डाव्या मनगटात कुणीतरी दिलेलं तांब्याचं कडं होतं, उशीखाली लोहचुंबक. आंबेहळदीचा लेप झाला होता, निर्गुंडीचं तेल झालं होतं. साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या झाल्या, त्या तिला आवडल्या. फिजिओथेरपीच्या बाईंकडे वितळलेल्या मेणात हात बुडवून झाला. एका वैद्यांनी तापलेल्या शलाकेने डाग देतो म्हणून सांगितलं, त्यावर मात्र ती म्हणाली, "डाग मला दिसायच्या जागी नको." मीही वाचनालयात बसून त्या दुखण्याबद्दल मिळेल ते वाचलं होतं. डॉक्टर, वैद्य, मालीशवाला, अहिरराव काका, कुणाचं कुणाशी पटत नव्हतं. फक्त एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. हाताला विश्रांती हवी.

"काका, उद्या जळगावला ना?" आईने विचारलं.

"सकाळच्या गाडीनं. लेकीकडे. यंदा राहणार आहे थोडा."

"मग संध्याकाळी येऊन जा. बरोबर न्यायला देते."

"लेकीच्या घरी पोळ्या नेऊ?"

"तिच्या घरी पोळ्या होत असतील. माझ्या होतात का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, हसले आणि गेले.

दुपारी केंद्र बंद करून मी आईला डॉक्टर कोठावद्यांकडे नेलं. अस्थिरोगतज्ज्ञ, बोलायला मोकळा माणूस. त्यांनी पट्टा काढला, अंगठ्याच्या मुळाशी दाबून पाहिलं.

"सूज तर उतरलीय की."

"वरून उतरली असेल," आई म्हणाली. "आतून ठणकतं."

"अंगठा मुठीत घ्या. वरून बोटं मिटा. आता मी मूठ करंगळीकडे वाकवणार."

"आई गं."

डॉक्टरांनी अजून हात धरायचा होता. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग धरून वाकवला. ती पुन्हा तेवढंच कण्हली.

"हं," ते म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "हे बघा, अंगठ्याचे दोन टेंडन इथं एका अरुंद बोगद्यातून जातात. बोगदा सुजला की दोरी अडकते. पट्टा, मलम, शेक, व्यायाम, हे सगळं आपण केलं. बहुतेकांना पुरतं. यांना पुरत नसेल तर बोगद्यात एक इंजेक्शन देऊ. स्टेरॉइड असलं तरी घाबरायचं कारण नाही, डोस लहान असतो. दोन दिवस दुखेल, एवढंच. त्यानंही भागलं नाही तर छोटं ऑपरेशन. जागा बधिर करून, घरी परत त्याच दिवशी."

"इंजेक्शन आज देता येईल?" मी विचारलं.

"आत्ता."

"आत्ता नको," आई म्हणाली. "मी जेवलेले नाही."

"त्याला जेवणाचा संबंध नाही, काकू."

"मला आहे."

डॉक्टर हसले. "हात तुमचा आहे. पण एकदा बरा झाला की तीन बोटांनी भांडं उचलायची सवय सोडा. आणि लाटणं हळूहळू सुरू करा."

"लाटतेय ना ही," आई माझ्याकडे मान करून म्हणाली. "छान लाटते."

तिने माझ्या पोळीला छान म्हटलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

रिक्षात कॉलेजच्या कचेरीतून फोन आला. खडखडाटामुळे मला मोठ्याने बोलावं लागत होतं आणि पलीकडचे सावंत भाऊसाहेब त्याहून मोठ्याने बोलत होते. "मॅडम, प्राचार्यांनी शेवटचं सांगितलंय. सोमवारी हजर व्हा. नाहीतर प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलवायला लागंल. मला बोलायला बरं वाटत नाही, पण माझ्या हातात काय नाय."

"आईचा हात अजून..." मी म्हणाले.

"ते तुम्ही मागच्या वेळीपण सांगितलंत ओ."

"उद्या कळवते."

मी फोन पर्समध्ये ठेवला. आई रिक्षाच्या बाहेर बघत होती. एका दुकानाच्या पायरीवर कुणी हिरवे हरभरे सोलत बसलं होतं, तिकडे.

"काय म्हणतात?"

"सोमवारी या म्हणतात."

"मग जा."

"आणि केंद्र?"

"बंद ठेवायचं."

"इंजेक्शन घे आई. परत वळवू का रिक्षा? दोन मिनिटांचं काम आहे."

"तुझ्या सोयीनं माझ्या हातात सुई खुपसायची का?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "तू जा. मी कधी कुणाला थांब म्हटलंय? तुझ्या बापालाही म्हटलं नव्हतं. ज्याला थांबायचं असतं तो थांबतो."

ते खरं होतं. तिने कधीच म्हटलं नव्हतं. वडील जायला निघाले की ती त्यांना डबा भरून द्यायची, तो डबा प्रत्येक खेपेला मोठा होत गेला. एवढंच.

घरी आल्यावर तिने डाव्या हाताने भात कालवून खाल्ला. शितं बोटांतून सांडत होती. मी चमचा दिला तो तिने बाजूला ठेवला. चारच्या सुमारास मी वाचनालयात गेले. रोज जायचे. संध्याकाळच्या पोळ्यांना सुरुवात करण्यापूर्वी तेवढा वेळ माझा असायचा. सिंधूताईही त्या वेळी घरी जाऊन यायच्या. त्या दिवशी मी पुस्तक उघडून बसले आणि एकाही पानावर पुढे गेले नाही. सोमवारी जायचं तर ट्रंक भरायला हवी होती. नाही जायचं तर रिकामी करायला हवी होती. अर्धी भरलेली ट्रंक ठेवून मी इतके दिवस त्याच खाटेवर झोपत होते, याचंच मला नवल वाटलं.

परतले तेव्हा आई स्टुलावर होती, पट्टा बांधलेला, हात मांडीवर.

"अहिरराव काका येऊन गेले?"

"आले होते. दिल्या सकाळच्या."

मी ओट्याकडे गेले. लाटणं धुऊन उभं करून ठेवलेलं होतं. मी कणकेचा गोळा घेतला आणि संध्याकाळच्या पोळ्यांना लागले.

रात्रीची जेवणं झाल्यावर आईने हात पुढे केला. पट्टा काढून देणं, मनगटाला तेल लावणं, पट्टा साफ करणं, हे माझं रोजचं काम. पट्ट्याच्या खरखरीत चिकटपट्टीच्या आत पीठ अडकलेलं असायचं. मी ते केसातल्या पिनेने एकेका ओळीतून काढायचे आणि झटकून टाकायचे. त्या दिवशीही काढलं. आई माझ्या हातांकडे बघत होती.

"सुई घेईन म्हणते," ती म्हणाली.

"कधी?"

"सोमवारनंतर. मंगळवारी घेऊ. दोन दिवस दुखतं म्हणाले ना ते, सोमवारी मोठी ऑर्डर आहे."

मी पिनेला लागलेलं पीठ बोटाने पुसलं.

"बरं," मी म्हणाले आणि पट्टा तिला पुन्हा बांधला.

"घट्ट झाला."

"आता?"

"आता ठीक."

सकाळी मी चहा ठेवला आणि तिला हाक मारली. ती मागच्या दारी नळापाशी होती. भिंतीला टेकून बसली होती, बादली भरून वाहत होती. तिला पाणी वाया गेलेलं चालायचं नाही, म्हणून मी आधी नळ बंद केला. मग तिच्याकडे पाहिलं.

हृदय, असं बोलावलेले डॉक्टर म्हणाले. कळलंही नसेल त्यांना, असंही म्हणाले.

शेजारच्या बायका आल्या. अंघोळ घालताना सिंधूताईंनी हातातलं तांब्याचं कडं काढलं, बांगड्या काढल्या. मग निळ्या पट्ट्याशी येऊन त्या थांबल्या.

"वृंदाताई, हा काढू ना?"

"राहू दे."

"अहो, पत्रा आहे त्यात. असं नसतं ठेवायचं."

"राहू दे तिचा पट्टा," मी म्हणाले. "काढू नका."

दुःखात माणूस काहीही बोलतो, असं समजून कुणी वाद घातला नाही. वरून कापड आलं. तिला पट्ट्यासकट नेलं.

नंतरचे दिवस माणसांनी भरलेले होते. सुरतेहून कुणी आलं नाही. सावंत भाऊसाहेबांचा फोन मात्र आला. त्यांनी बातमी कुठूनतरी ऐकली होती. "फार वाईट झालं, मॅडम," ते म्हणाले. "प्राचार्य म्हणाले, अशा वेळी सोमवार धरून बसायचं नाय. सगळे विधी होऊ देत, मग सावकाश या. जागा तुमचीच आहे." मग त्यांनी अगदी हळुवारपणे विचारलं, "आता घरी काही अडचण नाही ना?"

"नाही," मी म्हणाले. "आता काही अडचण नाही."

तेरावा झाला आणि नातेवाईक पांगले. दुसऱ्या दिवशी दुपारी अहिरराव काका आले. त्यांना जळगावला फार उशिरा कळलं होतं. केंद्र बंद होतं, तरी ते सवयीने काउंटरपाशीच उभे राहिले. मी त्यांना आत बोलावलं. ते खुर्चीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि बराच वेळ त्या रिकाम्या स्टुलाकडे बघत राहिले. मग पिशवीतून एक पुडकं काढलं. दुधाच्या धुतलेल्या पिशवीत बांधलेलं, थंडगार.

"हे तुझ्याकडेच असावं असं वाटलं," ते म्हणाले. "त्या संध्याकाळी दिल्या होत्या त्यांनी. बऱ्याच होत्या. म्हणून थोड्या फ्रीजरमध्ये टाकून गेलो, परत आल्यावर होतील म्हणून. काल आलो, दार उघडलं, तर या. खाववेनात. टाकवेनात."

मी पुडकं सोडलं. पोळ्या गोठून एकमेकींना चिकटल्या होत्या. सगळ्यात वरच्या पोळीची कड माझ्या बोटांत आली. कागदासारखी.

"या सकाळच्या नाहीत," मी म्हणाले.

"छे, ताज्या. माझ्यासमोर लाटल्या त्यांनी. मी इथं बसलो होतो ना." काका थोडे ओशाळले. "तुला सांगायचं नाही असं म्हणाल्या होत्या. पण आता काय. तू वाचनालयात गेलीस की त्या रोज पट्टा काढून माझ्यापुरत्या लाटायच्या. मी म्हणायचो, ताई, हात दुखेल. त्या म्हणायच्या, काका, तुमच्या पानानं गुण आलाय, आता काही दुखत नाही. कधीचंच थांबलंय."

त्यांचे डोळे भरून आले होते, पण चेहऱ्यावर थोडं समाधानही होतं. एवढ्या सगळ्या औषधांत त्यांचं पान लागू पडलं होतं.

"मी म्हटलं, मग पोरीला सांगा की. तिचा जीव टांगणीला लागलाय. तर म्हणाल्या, सोमवार जाऊ दे. सोमवार गेला की सांगते." त्यांनी टोपी हातात फिरवली. "तुला चकित करायचं असेल त्यांना."

"असेल," मी म्हणाले.

"मी उगाच सांगितलं का?"

"नाही काका. बरं केलंत. तुमच्या पानाचा गुणच आला तो."

ते गेल्यावर मी दार लावलं. गॅस पेटवला, तवा ठेवला. आई गेल्यापासून तो तवा कुणी चढवला नव्हता. पोळ्या सुटायला वेळ लागला. त्या सुटेपर्यंत मी ओट्याशी उभी होते, खाटेखालची ट्रंक तिथून दिसत होती.

बरीच वर्षं झाली त्याला. ट्रंकेसकट मी कोकणात गेले आणि अजून तिथेच आहे. खाणावळीत, लग्नात, कुणाच्या घरी, कुठेही पोळी समोर आली की मी आधी तिची कड बघते. त्या दुपारी मात्र मला कड बघायची गरज नव्हती. काकांनी सांगितलं ते मला नवीन नव्हतं. बांधलेल्या पट्ट्याच्या चिकटपट्टीत आतून पीठ जात नाही. ते जायला पट्टा पिठाच्या हातांनी सोडावा लागतो आणि पिठाच्याच हातांनी परत बांधावा लागतो. मी ते रोज रात्री पिनेने काढत होते, ती रोज रात्री मला ते काढताना बघत होती. लाटणं धुऊन उभं करून ठेवायची सवय तिची होती, मी ते आडवं ठेवते. हे सगळं आम्हा दोघींच्या मधे पडून होतं आणि आम्ही दोघी त्याला तेल लावत होतो.

बोलले असते तर तिला मला थांब म्हणावं लागलं असतं. आणि मला उत्तर द्यावं लागलं असतं.

मी पहिली पोळी तव्यावर टाकली. इतके दिवस गोठलेली असूनही ती हळूहळू फुगली. ती दोन्ही हातांत धरून मी ओट्यावर आपटली, आई आपटायची तशी. पदर सुटले. आतून वाफ आली आणि तांदळाच्या पिठीचा तो वास, तिच्या पदराला असायचा तो.

घरात कुणी नव्हतं. स्टूल काउंटरमागेच होतं. मी त्याच्याकडे तोंड करून उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात, डॉक्टरकडून आल्यावर, रिक्षात, नाहीतर रात्री पिन हातात धरून बोलले असते तसं म्हणाले,

"आई, तुझा हात बरा झालाय. मला माहीत आहे. काढ तो पट्टा."